नादार मानकर

मानकर कोणाच्याही घरी गेले की आधी जोडे काढत, मग टोपी काढत आणि मग घरातल्या सामानाची किंमत काढत.

आम्ही ठाकूरद्वारच्या चाळीत बिऱ्हाड मांडलं त्याच्या तिसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले. शेजारी म्हणून ओळख करून घ्यायला आलो, म्हणाले. खुर्चीवर बसले, चहा बशीत ओतला आणि बशीच्या काठावरून खोलीभर नजर फिरवली. कपाट, पलंग, शिवणयंत्र, घड्याळ, फडताळातली भांडी. चहा संपला तेव्हा म्हणाले, "एकशे सदतीस. कपडे वगळून."

"काय एकशे सदतीस?"

"तुमची मालमत्ता, कुलकर्णी. घड्याळ मागे पडतं, म्हणून तीन रुपये कमी धरलेत."

मी विमा कंपनीत आकडेमोडीच्या खात्यात काम करतो. ते गेल्यावर पेन्सिल घेऊन बसलो. माझी बेरीज एकशे चाळीस आली. घड्याळ खरंच मागे पडत होतं.

आमच्या मंडळींना हे अजिबात आवडलं नाही. "पुन्हा आले तर चहा दाराबाहेर द्या," ती म्हणाली. "आज किंमत काढली, उद्या लिलाव पुकारतील."

मानकरांची ही खोड नोकरीतून आलेली होती. दिवाणी दावा लावायचा तर कोर्टाला स्टँप भरावा लागतो. ज्याची तो भरण्याची ऐपत नाही, त्याला स्टँपाशिवाय दावा लावता येतो. त्याने कोर्टाकडे तसा अर्ज करायचा आणि सोबत आपल्या सगळ्या मालमत्तेची यादी किमतीसह जोडायची. अंगावरचे आवश्यक कपडे तेवढे यादीतून वगळायचे. अशा माणसाला कोर्टात नादार म्हणतात. मानकर सत्तावीस वर्षं सरकारी वकिलांच्या हाताखाली बसून नादारांच्या याद्या तपासत होते. अर्जदाराने लपवलेला एखादा तांब्या शोधायचा आणि अर्ज उडवून लावायचा, हे त्यांचं काम. ते त्यात इतके तरबेज होते की त्यांनी करून ठेवलेली टिपणं पुढे नव्या वकिलांना वाचायला देत.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात हे गृहस्थ गोरगरिबांना नादारीचे अर्ज फुकट लिहून द्यायला लागले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "सत्तावीस वर्षं याद्यांतली भोकं शोधली. आता ती कुठे असतात ते मला माहीत आहे. बुजवतो."

मानकर पाठारे प्रभू, मुंबईचे जुने. पणजोबांची गिरगावात वाडी होती म्हणत. पणतूच्या वाट्याला आमच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली आली होती. बायको वारलेली, मूलबाळ नाही. चाळीने त्यांचं नाव नादार मानकर ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. "नावात मान आहे आणि मागे नादारी आहे," ते म्हणत. "जमाखर्च बरोबर."

‘कपडे वगळून’ हे शब्द त्यांच्या तोंडात इतके बसले होते की ते कुठेही निघत. प्रकृती कशी आहे विचारलं तर, "कपडे वगळून ठीक." तळमजल्यावरच्या मुलीला सांगून आलेलं स्थळ बघून आले, तेव्हा, "मुलगा बरा आहे, कपडे वगळून." मुलगा त्या दिवशी रेशमी सदरा घालून बसला होता, त्यामुळे हे चुकीचंही नव्हतं.

हा कायदा दिवाणी संहितेच्या तेहतिसाव्या ऑर्डरमध्ये आहे, म्हणून तेहतीस हा त्यांचा लाडका आकडा. देव तेहतीस कोटी का, तर ते सगळे याच ऑर्डरखाली येतात. "शंकराची यादी करा," ते मला सांगत. "नंदी एक, जंगम. त्रिशूळ एक, डमरू एक. व्याघ्रचर्म धरायचं नाही, ते आवश्यक कपड्यात गेलं. गंगा वाहती आहे, तिला स्थावर म्हणता येत नाही. अर्ज मंजूर." विष्णूचं काय, मी विचारलं. "त्यांचा अर्ज मी पहिल्या तारखेला उडवला असता. कौस्तुभ लपवलाय."

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा भरात होती. आमच्याकडे एक दिवसाआड सभा होत. मानकर सभेला जात, पण घोषणा देत नसत. "नकाशा म्हणजे यादीच," एवढंच म्हणत. "त्यातून मुंबई वगळली तर यादी खोटी."

त्याच दिवसांत एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. खोलीकडे बघितलंसुद्धा नाही.

"कुलकर्णी, तुमचं अक्षर पाहिजे. कैद्याचा अर्ज आहे."

कैदी म्हणजे लालबागची भागीरथी परब. गिरणीत काम करणारी माणसं तिला भागीमावशी म्हणत. विधवा बाई, मालवणकडची, पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत खानावळ चालवायची. मोर्चाच्या दिवशी खाली धरपकड चालू असताना गॅलरीतून पोलिसांच्या अंगावर कढत पेज पडली. भागीमावशीला नऊ महिन्यांची शिक्षा झाली. ती आत गेली आणि आठवड्याभरात तिच्या दिराने खोलीला स्वतःचं कुलूप लावलं. खोली आता आपली, आपण ती दुसऱ्याला देणार, असं तो सांगत फिरत होता.

"घराबाहेर काढलेल्या माणसाने सहा महिन्यांच्या आत दावा लावला," मानकर म्हणाले, "तर कोर्ट मालकीच्या भानगडीत न शिरता ताबा परत देतं. सहा महिने उलटले की मग वर्षानुवर्षं भांडत बसा. कुलूप लागल्याला चार महिने आठ दिवस झाले."

म्हणजे उरले बावन्न दिवस. आणि बाई सुटणार त्याच्या कितीतरी नंतर. दावा तुरुंगातूनच लागायला हवा होता. स्टँप पाऊणशेच्या वर जात होता. मी चटकन हिशेब करून सांगितला. आपल्या चाळीत बेचाळीस बिऱ्हाडं, प्रत्येकी दोन रुपये वर्गणी, चौऱ्याऐंशी झाले.

"आणि पुढची?" मानकरांनी विचारलं.

"कोण पुढची?"

"तिच्या बराकीत आणखी सहा बायका आहेत. कुणाची खोली गेलीय, कुणाचं शेत गेलंय. एकीचा स्टँप तुम्ही भराल. कायद्यात दार आहे, कुलकर्णी. कैद्याने ते कधी उघडलं नाही म्हणून गंजलंय. मी ते उघडणार."

दार फार गंजलं होतं. नादाराने अर्ज जातीने कोर्टात हजर राहून द्यायचा असतो. कैदी हजर कसा राहणार? त्याला हजेरीतून सूट मिळवावी लागते आणि त्याच्या वतीने मुखत्यार उभा करावा लागतो. हा मुखत्यार नुसता निरोप्या चालत नाही. अर्जदाराच्या मालमत्तेबद्दल कोर्ट जे जे विचारेल ते त्याला सांगता आलं पाहिजे. मानकरांनी स्वतःच मुखत्यार व्हायचं ठरवलं. मुखत्यारपत्रावर बाईचा अंगठा आणि त्याला तुरुंगाचा शिक्का हवा. तिथला कारकून म्हणाला, "कैदी दावा लावत नसतो, कैद्यावर दावा लावतात."

"तसा नियम दाखवा," मानकर म्हणाले.

नियम सापडला नाही, पण शिक्काही मिळाला नाही. मानकर दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी गेले. रोज जायचं, बाकावर बसायचं आणि "नियम सापडला का?" विचारायचं. सातव्या दिवशी कारकुनाने शिक्का मारला. मारताना म्हणाला, "तुमच्यापेक्षा कैदी बरे हो, मुदत संपली की जातात तरी."

यादीसाठी भेटीची परवानगी मिळाली तेव्हा मला बरोबर नेलं. जाळीपलीकडे भागीमावशी उभी होती. ठेंगणी, रुंद, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी. पहाऱ्यावरची बाई तिच्याशेजारी विणत बसली होती.

"नादार म्हंजे काय ओ?" मावशीने पहिलाच प्रश्न केला. "भिकारी? मी चाळीस माणसांक जेवक घालतंय. माका भिकारीण म्हणान लिवतास?"

"भिकारी मागतो," मानकर म्हणाले. "नादार दावा लावतो."

तिने जरा विचार केला. "मग लिवा," म्हणाली.

"पातेली किती?"

"मोठी तीन."

"लहान?"

"ती कोण मोजता?"

"कोर्ट मोजतं. पळ्या किती?"

"पळयो मोजीत बसलंय असतंय तर जेवान कोणी घातला असता?" ती वैतागली. "आणि ती पेज. लिवा तुमच्या कागदार. मी पेज गाळी होतंय. तो खाली उभो रवलो, ता माका काय ठावक?"

"ते फौजदारीत झालं. इथे दिवाणी चालू आहे. पळ्या."

पहाऱ्यावरच्या बाईने विणकाम थांबवून सांगितलं, "पाच घाला. खानावळ आहे म्हटल्यावर पाच लागतातच."

"अंदाजाने चालत नाही, बाई," मानकर म्हणाले. "यादी म्हणजे यादी."

एवढ्यावर भेटीची वेळ संपली. जंगम मालमत्ता कशीबशी झाली होती. स्थावरासाठी मानकर पुढच्या खेपेला एकटेच गेले. मला रजा नव्हती.

त्यांनी आणलेलं टिपण मी घरी बसून सुवाच्य अक्षरात उतरवलं. मानकर घाईत लिहिताना काना-वेलांटी गाळत. ‘पतल’ दिसलं की मी पातेलं लिहायचं, ‘झर’ दिसलं की झारा. स्थावराखाली त्यांनी लिहिलं होतं, ‘गावी माड २, किंमत रु. ४०.’ मी मूळचा नगरकडचा. आमच्याकडे नारळ वाण्याच्या दुकानात मिळतो, त्याच्या झाडाला माड म्हणतात हे मी तोवर ऐकलं नव्हतं. स्थावर म्हणजे घरदार. इथेही एक वेलांटी गळलीय असं मी धरलं आणि लिहिलं, ‘गावी माडी २.’ चाळीस रुपयांत दोन माड्या मला स्वस्त वाटल्या, पण कोकणातले भाव मला माहीत नव्हते. मानकरांनी कागद वाचला, खाली ‘वाचून पाहिली, बरोबर आहे’ असं लिहून सही केली. भांडी त्यांनी एकेक तपासली होती. स्थावर एकच ओळ, ती त्यांनी नजरेखालून घातली असावी.

कोर्टातल्या भाषांतरकाराने इंग्रजीत इमानाने दोन मजले केले.

सुनावणीच्या दिवशी सहा महिने पुरे व्हायला नऊ दिवस उरले होते. अर्ज फेटाळला गेला तर पहिल्यापासून सुरुवात, आणि नऊ दिवसांत तुरुंगातून नवे कागद निघणं शक्य नव्हतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मागच्या बाकावर बसलो.

सरकारी वकील तिशीतला होता. मानकरांच्याच टिपणांवर शिकलेला. त्याने उलटतपासणी त्यांच्याच पद्धतीने घेतली.

"पराती किती?"

"दोन. एक लोखंडी, एक पितळी. पितळीला पोचा आहे."

"कुठल्या बाजूला?"

"मांडून ठेवली की भिंतीकडे येतो."

लिहून घेणाऱ्याने मान वर करून पाहिलं. पळ्या सहा, झारे दोन, पाटा एक, वरवंटा एक, टवका उडालेला. मानकर कुठेही अडले नाहीत. मग वकिलाने पान उलटलं.

"आता स्थावर. गावी माडी दोन, किंमत चाळीस रुपये. मिस्टर मानकर, चाळीस रुपयांत दोन मजले कुठे मिळतात? पत्ता द्या, मीही घेतो."

मानकरांनी कागद मागून घेतला. चष्मा पुसला. मला माझं अक्षर मागच्या बाकावरून दिसत होतं.

"हे माड आहे," ते म्हणाले. "नारळाची झाडं."

"कागदावर माडी आहे."

"आहे."

"कोणी लिहिलं?"

मानकरांनी मागे वळून बघितलं नाही. "सही माझी आहे. वाचून पाहिली, असंही मीच लिहिलंय."

"म्हणजे यादी चुकीची आहे?"

"चुकीची आहे."

वकिलाने हातातलं एक जुनं टिपण उघडलं. "चुकीची यादी म्हणजे खोटी यादी. हे कोणाचं वाक्य आहे?"

"माझं. पुष्कळ अर्ज मी त्या वाक्यावर घालवलेत." मानकर न्यायाधीशांकडे वळले. "त्यातल्या कितीजणांना समोर बोलावून विचारायला हवं होतं, ते मला आता सांगता येणार नाही. या बाईला तरी विचारावं. तिने घर सांगितलं की झाड, हे तिच्याशिवाय कोणालाच माहीत नाही."

"दोन झाडांसाठी तुरुंगातून कैदी आणायचा?" वकील म्हणाला.

"एका वेलांटीसाठी आणायचा."

न्यायाधीशांनी सात दिवसांनंतरची तारीख दिली. म्हणजे हातात दोन दिवस राहणार होते.

आम्ही धोबीतलावावरून चालत निघालो. मी शब्द जुळवत होतो. ठाकूरद्वारचा नाका आला तेव्हा मानकर म्हणाले, "वेलांटी सुरेख काढता तुम्ही, कुलकर्णी. गोलाई चांगली आहे." त्या विषयावर ते मला एवढंच बोलले. पुढचे सात दिवस ते रोज तुरुंगात जाऊन बाईला आणण्याचा हुकूम पोचला का विचारत होते. तिथे हुकूम पोचलेला होता, पण गाडी नव्हती. गाडी मिळाली तेव्हा बरोबर यायला शिपाई नव्हता. सहाव्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर जाऊन बाकावर बसलो. कारकुनाने आम्हा दोघांना पाहिलं आणि शिपायाचं नाव लिहून दिलं.

भागीमावशी दोन शिपायांच्या मध्ये कोर्टात आली. शपथ घेताना तिने हात इतका वर केला की शिपायाला बाजूला व्हावं लागलं.

"तुमच्या गावच्या घराला दोन माड्या आहेत का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माडी खयची?" ती म्हणाली. "माझे दोन माड आसत, सायबानु. माडार चढतत, पण थंय कोण रवत नाय."

न्यायाधीश कोकणातले असावेत. त्यांनी तोंडापुढे रुमाल धरला. सरकारी वकिलाने भाषांतराची वाट न बघता खाली बघून घेतलं. मग न्यायाधीशांनी मानकरांना पुढे बोलावलं. मुखत्याराची नोंद पूर्ण करायची राहिली होती.

"तुमचं या बाईंशी नातं काय?"

इतक्या तपासणीत मानकर पहिल्यांदाच थांबले. "काही नाही," म्हणाले.

"मग परातीचा पोचा भिंतीकडे येतो हे तुम्हाला कसं माहीत?"

"मी त्या भिंतीपाशी बसतो." त्यांचा आवाज खाली गेला होता. "जेवायला. दर रविवारी. अकरा वर्षं झाली."

"बारा," भागीमावशी पिंजऱ्यातून म्हणाली.

"बारा," मानकरांनी दुरुस्ती केली.

मानकर रविवारी बहिणीकडे जेवायला जातात हे आमच्या सगळ्या चाळीला माहीत होतं. बहीण अँटॉप हिलला राहते हेही माहीत होतं. तिला आमच्यापैकी कुणीच कधी पाहिलं नव्हतं, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं.

अर्ज मंजूर झाला. नादार म्हणून दावा दाखल करून घ्यावा, असा हुकूम निघाला. पुढच्या तीन महिन्यांत मानकरांनी बराकीतल्या त्या सहा बायकांपैकी चौघींचे अर्ज लावले. तुरुंगातला कारकून त्यांना बघताच शिक्का काढून ठेवायला लागला होता.

दाव्याचा निकाल लागेपर्यंत भागीमावशी सुटूनही आली आणि गिरणीतल्या एका कुटुंबाकडे राहिली. खटल्यात सांगण्यासारखं काही नाही. दिराकडे बोलायलाच काही नव्हतं. ताबा द्यायच्या दिवशी कोर्टाचा बेलीफ, मानकर आणि मी लालबागला गेलो. भागीमावशी दाराशी वाट बघत होती. बेलीफाने कुलूप तोडलं. आत धूळ, उंदरांच्या लेंड्या आणि बंद खोलीचा वास. मी यादी वाचत होतो आणि मानकर एकेक वस्तू हाताने दाखवत होते. पातेली मोठी तीन, आहेत. परात पितळी, आहे. पळ्या सहापैकी चार; दोन दिराने विकल्या असाव्यात. बेलीफाने तशी नोंद केली.

यादी संपली. मानकर दाराआड गेले आणि तिथून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी ओढत त्यांनी बाहेर आणलं. गोणपाट सोडलं तर आत पाट निघाला. खानावळीतले बाकीचे पाट जमिनीला टेकलेले, साधे. याला चार पाय लावलेले होते, चांगले वीतभर उंच, आणि बसायची फळी रंधा मारून गुळगुळीत केलेली. मानकरांचा उजवा गुडघा दुमडत नाही. मांडी घालून बसणं त्यांना जमत नाही, हे चाळीतल्या सत्यनारायणाला मी पाहिलेलं होतं.

"हा यादीत नाही," मानकर म्हणाले. मग मावशीकडे वळून जरा कडक आवाजात, "मी तुम्हाला प्रत्येक वस्तू विचारली होती. हा का सांगितला नाहीत?"

भागीमावशी पदर खोचून चुलीतली जुनी राख काढत होती. तिने मान वर केली नाही.

"तुम्ही माझ्यो वस्तू इचारलास," ती म्हणाली. "तो माझो नाय. तुमचो आसा. बसा."

बेलीफ माझ्याकडे बघायला लागला. मी यादीची घडी घालून खिशात ठेवली.

मानकर बसले. चूल अजून पेटायची होती आणि घरात तांदळाचा दाणा नव्हता. मी आणि बेलीफ खाली उतरलो तेव्हा ते भिंतीला पाठ लावून, पाय पुढे पसरून बसलेले होते.